जैतूबाबांच्या किंगरीमागे

साताऱ्याहून आदिलाबादला सहसा कोणी मुद्दाम जात नाही. गाडीत समोर बसलेल्या नांदेडच्या बाईंनी, तिकडं कोण आहे तुमचं, असं विचारलं तेव्हा मी आतेबहिणीचं नाव सांगितलं आणि त्यांचं समाधान झालं. खरं कारण सांगायचं तर गोष्ट बरीच मागं न्यावी लागली असती.

मी व्हायोलिन शिकवते. वीसेक वर्षांपूर्वी एका लग्नासाठी नागपूरला गेले होते. संध्याकाळ मोकळी होती म्हणून एका मैदानावर लोककलांचा कार्यक्रम ऐकायला जाऊन बसले. प्रत्येक पथकाला दहा मिनिटं दिलेली. वेळ संपली की आयोजक टेबलावरची घंटी वाजवायचे आणि कलावंत निमूटपणे उठायचे. शेवटी शेवटी एक काटकुळा, मध्यमवयीन माणूस आला. त्यानं एक लहानसं वाद्य छातीशी उभं धरलं होतं. खाली कातडं मढवलेला लाकडी कोठा, वर दांडी, तीन तारा, आणि वाजवायला घोड्याच्या केसांचा गज. गजाच्या टोकाला दोन घुंगरं. तो आधी एक ओळ वाजवायचा, मग ती म्हणायचा, आणि म्हणताना गज त्याच्या आवाजाला जरा उशिरा, जरा कडेनं येऊन मिळायचा. मी मुलांना जे जे टाळायला शिकवते ते सगळं त्या वादनात होतं, आणि तरी मला तिथून हलवेना. घंटी वाजली. त्यानं तिकडं पाहिलंही नाही. हातातली ओळ पुरी केली, तिच्यामागची आणखी एक पुरी केली, आणि मगच गज खाली ठेवला.

माझ्याजवळ तेव्हा शिकवणीसाठी घेतलेला छोटा रेकॉर्डर होता, त्यात मी ते टिपून घेतलं. पुढं ते मोबाईलमध्ये आलं. स्वयंपाक करताना, सायटिकाच्या दुखण्यात पडून असताना, आई गेल्यानंतरच्या त्या सुन्न आठवड्यांत, मी ते ऐकत आले. त्यात मधेच घंटी आहे, कोणाचा तरी खोकला आहे. एक शब्दही कळत नाही, कारण गाणं गोंडी भाषेत आहे. वाद्याचं नाव किंगरी आणि वाजवणाऱ्याचं नाव जैतू, एवढं मात्र त्या दिवशी निवेदकाकडून कळलं होतं.

गेल्या पौषात नंदाताईचा फोन आला. नंदाताई म्हणजे माझी आतेबहीण. तिच्या सासरची माणसं निजामाच्या काळात नोकरीसाठी आदिलाबादला गेली आणि तिथलीच झाली. ती स्वतः तिथल्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाली. तिनं सांगितलं, गावात कार्यक्रम आहे, त्यात तुझा किंगरीवाला आहे, आता त्याला सगळे जैतूबाबा म्हणतात. आणि पुढं म्हणाली, "येऊन राह्यली का मंग? का अजून वीस वर्सं थांबतं?"

मी तिकीट काढलं.

आदिलाबाद

तेलंगण म्हणजे ऊन, अशी माझी ठाम समजूत होती. त्यामुळे मी एक पातळ शाल घेऊन निघाले होते. सकाळी गाडीतून उतरले तर फलाटावर धुकं, आणि हमाल डोक्याला मफलर गुंडाळून शेकोटीभोवती बसलेले. नंदाताईनं मला पाहिलं आणि घरी पोचेपर्यंत वाटेत एका दुकानातून लोकरी टोपी घेऊन माझ्या डोक्यात घातली. माकडटोपी. पुढचे सगळे दिवस ती माझ्या डोक्यावर होती, आणि सगळ्या फोटोंत आहे.

तिच्या घरात मी नुसती ऐकत बसले. नंदाताई सुनेशी मराठीत बोलते, दूधवाल्याशी तेलुगूत, समोरच्या किराणावाल्याशी हिंदीत, आणि तिचे यजमान घराच्या कागदपत्रांविषयी बोलायला लागले की त्यांच्या तोंडी दरख्वास्त, मौजा, पेशकार असे निजामाच्या कचेरीतले उर्दू शब्द येतात. एका वाक्यात तीन गावांची माणसं बसल्यासारखी वाटतात. मी विचारलं, तुम्हाला गोंधळ होत नाही का? ती म्हणाली, होतो, पण फक्त रागावताना. नेमकं कोणत्या भाषेत रागवायचं ते सुचत नाही.

संक्रांत जवळ आली होती म्हणून घरात सकिनालू चालले होते. तांदळाच्या ओल्या पिठात तीळ आणि ओवा घालून, पीठ बोटांनी पिळत कापडावर गोल गोल वेढे काढायचे आणि मग तळायचे. आपली चकली सोऱ्यातून पडते, इथं सोऱ्या नाही. नंदाताईच्या शेजारणींनी मला बसवलं. वीस-पंचवीस वर्षं बोटांवर पोट असलेली बाई मी, पण माझे वेढे अंड्यासारखे लांबट झाले. एकीनं ते तेलुगूत काहीतरी म्हणत बाजूला ठेवले. नंदाताईनं भाषांतर करायचं टाळलं.

कार्यक्रम संध्याकाळी होता. आम्ही लवकर जाऊन पुढची जागा धरली. ढोल झाले, सनईसारखी तिखट वाजणारी वाद्यं झाली, मोरपिसांचे मोठाले टोप घातलेले नाचणारे येऊन गेले. टोप एवढे उंच, की मंचाच्या वरच्या पडद्याला पिसं घासत होती. मी सगळं बघत होते, पण मन एका नावाकडं होतं. मग निवेदकानं सांगितलं, जैतूबाबा येऊ शकलेले नाहीत, त्यांच्या जागी पुढचं पथक येईल.

वाईट वाटलं, पण त्याहून जास्त उत्सुकता वाटली. जो माणूस घंटी वाजल्यावरही थांबला नव्हता, तो आलाच का नसेल? आम्ही मंचामागं गेलो. एका ढोलवाल्याला नंदाताईनं विचारलं. तो ढोलाच्या दोऱ्या सोडत होता. त्यानं सांगितलं, बाबा परधान आहेत. परधानांचं काम म्हणजे गोंड घराण्यांच्या देवापुढं त्या त्या कुळाची कथा किंगरीवर सांगणं. पिढ्यान्‌पिढ्या एका परधानाचं ठरलेलं एक घराणं असतं. बाबांच्या ठरलेल्या घराण्याची दर पुसात, म्हणजे पौषात, होणारी देवाची पूजा उद्या सकाळीच आहे, बाजारहत्नूरच्या पुढं, त्या घराण्याचे प्रमुख असलेल्या पटेलांच्या गावात. तिथून बोलावणं आलं की बाकी सगळं मागं.

आम्ही तिथं आलेलं चालेल का, असं मी विचारलं. त्यानं थोडा विचार केला. म्हणाला, या, पण पटेलाला विचारूनच पुढं जा.

बाजारहत्नूरच्या पुढे

सकाळी इच्चोड्याकडून जाणाऱ्या जीपमध्ये आम्ही बसलो. बसलो म्हणजे नंदाताई बसली, मी तिच्या आणि एका कोबीच्या पोत्याच्या मध्ये राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस. वेचणी बरीचशी उरकली होती, तरी झाडांच्या खालच्या बोंडांत पांढरं शिल्लक होतं, आणि कापसाच्या गाड्या गेल्या तिथं रस्त्याकडेच्या बाभळींना चिकटून बसलेला कापूस दिसत होता. पुढं पुढं शेतं मागं पडली आणि सागाचं रान लागलं. सागाची वाळकी पानं रस्त्यावर पडलेली. जीप वरून गेली की पापड मोडल्यासारखा आवाज.

नंदाताईनं ड्रायव्हरला उतरायचं ठिकाण तेलुगूत समजावलं होतं. त्यानं आम्हाला एका फाट्यावर सोडलं आणि तो निघून गेला. तिथं एक बंद टपरी आणि एक शेळी, एवढंच होतं. थोड्या वेळानं मोटरसायकलवरून एक माणूस आला, त्याच्याकडून कळलं की आमचा फाटा मागंच राहिला. नंदाताई म्हणाली, मी बरोबर सांगितलं होतं. शेतांच्या बांधावरून चालत जायला लागलं. माझ्या शालीला कुसळं चिकटली, नंदाताईच्या चपलेचा अंगठा तुटला, आणि पुढची वाट ती एका पायात चप्पल आणि एका हातात चप्पल अशी चालली. पण धुकं वर उठत होतं, कुठून तरी ढोलाचा एकेक ठोका येत होता, आणि त्या ठोक्यावरूनच आम्हाला गाव सापडलं.

पटेलांचं गाव

गावाचं नाव लिहू नका, असं पटेलांनी मला नंतर सांगितलं, म्हणून ते लिहीत नाही. माणसं बघायला येतात आणि देवाला त्रास होतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मला एक मोहाचं झाड दिसलं, त्याच्या खाली लोक होते, आणि मी उत्साहात सरळ तिकडं निघाले. एका तरुण बाईनं पळत येऊन माझा दंड धरला. तिथं देव होता. आमच्यासारख्या बाहेरच्यांनीच काय, त्यांच्या घरात आलेल्या सुनांनीही ठरलेले विधी झाल्याशिवाय तिथं जायचं नसतं. आपल्याकडं देवळात चप्पल काढली की काम झालं. इथं कुठं उभं राहायचं हे माणसाच्या नात्यावर ठरतं. मी ओशाळून मागं झाले. ती बाई मात्र माझ्याकडं पाहत नव्हती. ती नंदाताईकडं पाहत होती. मग वाकून तिनं नंदाताईच्या पाया पडून विचारलं, "बाई, मले ओळखलं का?"

ती पटेलांची मुलगी रेणुका, नंदाताईच्या शाळेत शिकलेली. त्यामुळे पटेलांची परवानगी सोपी झाली. पटेल साठीचे, अंगानं रुंद, बोलायला कमी. त्यांनी आम्हाला चहा दिला, ज्वारीचा गरम गटका दिला, आणि सांगितलं की पूजा दुरून बघा, कथेला मांडवात बसा, आणि मोबाईल काढू नका. मी तो तिथंच पिशवीच्या तळाशी घातला.

गटका म्हणजे ज्वारीच्या भरड्याची घट्ट पेज. आमच्याकडं सातारी भाकरी थापताना जे पीठ उडवतात त्याच ज्वारीचं हे दुसरं रूप. बरोबर तुरीचं वरण आणि तिखट तिळाची चटणी. त्या थंडीत तो वाडगा दोन्ही हातांत धरून बसावं, खाऊ नये, असं वाटत होतं.

जैतूबाबा मांडवाच्या कडेला उन्हाची वाट बघत बसले होते. खूप थकलेले. पण हात तेच, लांब बोटांचे. या माणसाला भेटल्यावर काय म्हणायचं, ते मी वर्षानुवर्षं मनात जुळवत आले होते. मी समोर बसले, नमस्कार केला, आणि सुरुवात केली. नागपूरचं मैदान, घंटी, माझी आई गेली तेव्हाचे ते दिवस, सगळं. बाबा माझ्या तोंडाकडं लक्ष देऊन पाहत होते. मी थांबल्यावर त्यांनी मान हलवली आणि मोठ्यानं म्हणाले, "हो, थंडी लय हाय औंदा."

त्यांच्या शेजारी एक म्हातारी बाई गजाचे केस निवडत होती. ती त्यांची बायको, मैनाबाई. ती माझ्याकडं वळली आणि शांतपणे म्हणाली, "त्याईले आयकू येत नाई, बाई. मांगच्या पावसाळ्यापासून पार गेलं."

नंदाताईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मैनाबाईनं मात्र, तिला हे रोजचंच असल्यासारखं, पुढचं सांगितलं. डॉक्टरला दाखवलं, यंत्र आणलं, पण यंत्रात सगळं एकदम ओरडतं, किंगरी त्यात डबा वाजवल्यासारखी येते, म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. मी विचारलं, मग वाजवतात कसे? तर तिनं बाबांच्या गुडघ्याला बोट लावलं आणि काहीतरी खूण केली. बाबांनी किंगरी उचलली, तिच्या दांडीचं टोक आपल्या जबड्याच्या हाडाला टेकवलं, आणि गज फिरवला. डोळे मिटले. खुंटी किंचित पिळली, पुन्हा फिरवला. तार लागली. कानांनी नाही, हाडांनी लावली.

मी त्यांच्यासाठी व्हायोलिनच्या गजाला घासायच्या राळेची एक डबी नेली होती, ती आता पुढं केली. त्यांनी वास घेतला, गजाला घासली, आणि वाजवून पाहिलं. आवाज मऊ आला. ते मैनाबाईकडं पाहून हसले. ती मला म्हणाली, गुळगुळीत झालं. यांना खरखर लागते, ती हाताला कळते. मग बाबांनी किंगरीच्या पाठीला चिकटवलेल्या आपल्या काळपट राळेवर गज घासला, आणि माझी डबी मात्र कनवटीला नीट खोचून ठेवली.

मैनाबाईशी मी मराठीत बोलत होते, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. मी विचारलं, तुम्ही घरी गोंडी बोलत नाही? ती म्हणाली, घरात मराठीच, तिच्या आईच्या घरीही मराठीच. "गानं तेंच्या भाषेत," ती म्हणाली, "देव तेंचा हाय न." म्हणजे वीस वर्षं मी जो माणूस परक्या भाषेतला समजून ऐकत होते, तो मुलांना रागवत होता, भाकरी मागत होता, ते माझ्याच भाषेत.

मग तिनं आवाज खाली आणून आणखी एक गोष्ट सांगितली. पटेलांच्या चुलत्यांना वाटतं की बहिऱ्या माणसाकडून देवाची कथा ऐकू नये, दुसरा परधान बघावा. आज ऐकून ठरणार आहे. मी विचारलं, बाबांना हे माहीत आहे का? ती म्हणाली, आयकू येत नाई, पन दिसते तं.

पूजा झाली, पंगत झाली, आणि ऊन चढायला लागल्यावर सगळे मांडवात जमले. जांभळीच्या फांद्यांचा मांडव. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. मैनाबाई मात्र उठून बाबांच्या समोर जाऊन बसली, पुरुषांच्या बाजूच्या अगदी कडेला. पटेलांचे चुलते, पांढऱ्या मिशांचे वृद्ध, काहीतरी बोलले. पटेलांनी हातानंच, असू द्या, म्हटलं. तिच्या मागं, बायकांच्या रांगेत पहिलीच मी.

बाबांनी गज फिरवला आणि ती ओळ आली. तीच. मोबाईलमधली जशीच्या तशी नव्हे, पण त्याच वळणाची. आवाज आता फाटका होता, वरच्या सुरात तर नुसता श्वास यायचा, पण गज तसाच उशिरा, तसाच कडेनं येऊन त्याला सावरून धरत होता. मैनाबाई मांडीवर हात ठेवून बोटानं लय दाखवत होती, इतकी हळू की लक्ष नसेल तर दिसू नये.

रेणुका माझ्या कानाशी कथा सांगत होती. या कुळाचे भाऊ देवाला खांद्यावर घेऊन नव्या मुलखाकडं निघालेत. नदीपाशी येतात, पलीकडं उतरतात. उतरल्यावर कळतं की देवाची चवरी, त्याच्यावर ढाळायचा केसांचा झुबका, मागच्या मुक्कामावर राहिली. चवरीशिवाय देव बसायचा नाही. कोणी जायचं? सगळे थोरल्याकडं पाहतात, थोरला धाकट्याकडं पाहतो. इथं बायकांतली एक आजी स्वतःशीच 'च्च' म्हणाली. तिनं ही कथा जन्मभर ऐकली असणार, तरी थोरल्याचा राग तिला आजही आला.

आणि मग ते व्हायला लागलं. सकाळच्या ओलाव्यात सैल पडलेलं कातडं उन्हानं ताणत चाललं होतं. त्याबरोबर तारेचा सूर चढत होता. बाबांचा गळा जुन्या सवयीनं आपल्या जागी होता आणि किंगरी हळूहळू त्याच्यापासून वर सरकत होती. त्यांना ते कळायला मार्ग नव्हता, कारण वाजवताना किंगरी छातीशी होती, जबड्याशी नव्हती. आधी फक्त मला खुपलं. मग मांडवात दोघंतिघं एकमेकांकडं पाहायला लागले. पांढऱ्या मिशांच्या आजोबांनी पटेलांकडं नजर टाकली आणि खाली जमिनीकडं पाहत बसले. बाबा धाकट्याला नदीत उतरवत होते, डोळे मिटून, जीव तोडून, आणि गाण्याचे डोळ्यांदेखत दोन तुकडे होत होते.

मैनाबाईला काहीतरी बिघडल्याचं कळत होतं, पण नेमकं काय ते कळत नव्हतं. तिची बोटं थांबली. मी व्हायोलिन शिकवते हे मी तिला सकाळी सांगितलं होतं. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

दुसऱ्यांच्या देवाच्या मांडवात, जिथं सकाळीच माझा दंड धरून मला मागं ओढलं होतं, तिथं मी काही करावं की नाही, हा विचार मनात येऊन गेला. पण तिची नजर हटेना. मी मांडीवरच अंगठा खाली दाबला. उतरवा.

तिनं बाबांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी ओळ सोडली नाही. ती पुरी केली आणि मगच थांबले. त्यांनी दांडी जबड्याला टेकवली, खुंटी सैल केली, गज फिरवला आणि मैनाबाईकडं पाहिलं. मैनाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी अंगठा अजून खाली नेला. पुन्हा खुंटी. आता बाबांना कळलं की ती कोणाला विचारतेय. त्यांनी तिच्या खांद्यावरून थेट माझ्याकडं पाहिलं, तोंडातल्या तोंडात आपला सूर धरला आणि त्यावर गज ओढला. अगदी थोडं उरलं होतं. मी चिमटीनं दाखवलं, एवढंसं. त्यांनी खुंटीवर नुसता अंगठा टेकवला, आणि सूर आवाजाला येऊन मिळाला. मी मान हलवली.

बाबा हसले नाहीत, काही नाही. माझ्याकडं बघत त्यांनीही एकदा मान हलवली आणि पुढची ओळ घेतली. सकाळी जे त्यांना सांगता आलं नव्हतं, ते सांगायची मला आता घाई राहिली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नंदाताई मागून माझी माकडटोपी नीट करत होती, कारण दुसरं काय करावं ते तिला कळत नव्हतं.

त्यानंतर आणखी दोनदा तार चढली. दोन्ही वेळा मैनाबाईनं माझ्याकडं पाहिलं, पण दुसऱ्यांदा माझा अंगठा हलायच्या आत पलीकडून पटेलांनीच हात खाली करून दाखवला होता. मग आणखी कोणीतरी. शेवटी शेवटी अर्धा मांडव तार लावत होता.

धाकट्याला चवरी सापडली. ती घेऊन तो धावत नदीवर आला, तर मधल्या वेळात नदीला पूर. भाऊ त्या काठावर, हा या काठावर. तिथं बाबांनी गज खाली ठेवला. त्यांचा श्वास पुरत नव्हता. मैनाबाईनं त्यांना पाणी दिलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इथं वाजवत नाहीत. मग पांढऱ्या मिशांचे आजोबा गोंडीत हळू आवाजात काही बोलले. रेणुकानं मला सांगितलं, ते म्हणताहेत की गाणं चांगलं झालं, पण ज्याला स्वतःचं ऐकू येत नाही त्याच्यावर देवाची कथा किती दिवस सोपवायची?

पटेल उठले. ते मराठीत बोलले. मला वाटतं, मैनाबाईला प्रत्येक शब्द कळावा म्हणून.

"त्याचं काम सांगाचं," ते म्हणाले. "आयकाचं काम आमचं हाय. आमचे कान साबूत हायत."

आजोबांनी होकाराची मान हलवली. पटेलांनी नव्या शेल्याची घडी मोडली आणि तो स्वतःच्या हातांनी बाबांच्या डोक्याला बांधला. पुढच्या वर्षीही तूच, असा त्याचा अर्थ. बाबांनी हात वर नेऊन शेला चाचपला, पटेलांच्या तोंडाकडं पाहिलं, आजोबांकडं पाहिलं. मग बहिरी माणसं बोलतात तसे, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले:

"धाकटा अजून नदीच्या पल्याडच हाय. त्याले आनाले पुढच्या पुसात येतो."